बोनेटवर स्लॅबच्या गळतीचे पांढरे डाग, शाम्पूने जात नाहीत

घोडबंदर_हॅचबॅक:
काळी गाडी, पार्किंग पोडियमखाली. स्लॅबच्या जॉइंटमधून टपकलेल्या पाण्याचे बोनेटवर आणि टपावर रुपयाएवढे पांढरे डाग आहेत. दोनदा शाम्पू झाला, ढिम्म हलत नाहीत. वॉचमन म्हणतो टॉयलेट क्लीनर लावा. लावू का?

ऐरोली_डिटेलिंग:
अजिबात नको! त्यातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड चुना काढेल, पण क्रोम आणि क्लिअर कोटचीही (रंगावरचा पारदर्शक थर) वाट लावेल.

हे साधे पाण्याचे डाग नाहीत. पाणी सिमेंटमधला चुना घेऊन खाली येतं आणि हवा लागून त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे खडूच. शाम्पूने खडू विरघळत नाही, सौम्य आम्ल लागतं. किराणा दुकानातलं साधं पांढरं व्हिनेगर पुरतं.

गाडी सावलीत हवी, पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी धुऊन धूळ काढा, नाहीतर पुसताना चरे पडतील. पातळ डागांसाठी 200 मिली व्हिनेगरमध्ये 200 मिली पाणी. जाड खपलीला निव्वळ व्हिनेगर. टिश्यू पेपर त्यात भिजवून डागावर चिकटवा, म्हणजे उतारावरून ओघळत नाही. 3 मिनिटं ठेवा, 5 च्या पुढे नाही, आणि सुकू तर मुळीच देऊ नका. बारीक बुडबुडे आले की समजा चुना विरघळतोय. मायक्रोफायबरने न घासता टिपून घ्या, भरपूर पाणी मारा, पुन्हा शाम्पू. खपली जाड असेल तर चार-पाच फेऱ्या लागतात. इथेच लोकांचा धीर सुटतो आणि नाणं किंवा ब्लेड हातात येतं. मॅट रंगावर किंवा रॅपवर (गाडीवर चिकटवलेली फिल्म) हा प्रयोग नको. त्या जागेवरचं वॅक्स निघून जाईल, ते नंतर पुन्हा लावा.

उलवे_कर:
घरात लिंबू आहे, चालेल का?

ऐरोली_डिटेलिंग:
टाळा. कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसं विरघळत नाही, त्याचाच पांढरा थर मागे राहू शकतो. शिवाय गर आणि साखर चिकटते ती वेगळीच.

घोडबंदर_हॅचबॅक:
चार फेऱ्या केल्या. बोनेट साफ. टपावर दोन गोल कडा अजून दिसतात, पण हाताला काहीच लागत नाही.

कामोठे_पॉलिश:
म्हणजे चुना गेला, खाच उरली. चुन्याचं पाणी तीव्र अल्कलाइन असतं, फार दिवस राहिलं तर क्लिअर कोट खातं. आता व्हिनेगर कितीही लावलं तरी उपयोग शून्य. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढं बारीक पॉलिश घेऊन तेवढ्याच भागावर हाताने फिरवा, दोन-तीन वेळा. तरी दिसलं तर मशीनवाल्याकडे द्या. क्लिअर कोट साधारण 40–50 मायक्रॉनचा, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सँडपेपर घेऊन घरी बसू नका.

आणि कापडी कव्हर घालून निश्चिंत होऊ नका. ते चुन्याचं पाणी शोषतं आणि रंगाला चिकटवून ठेवतं. गळती बंद होईपर्यंत जॉइंटखाली पत्र्याची पन्हळ लावून घ्या, सोसायटीच्या प्लंबरचं काम आहे.

उलवे_कर:
एक भर. आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरू नका, त्यात क्षार जास्त असतात. शेवटचं धुणं एसीच्या पाइपमधून जमलेल्या पाण्याने, फडक्यातून गाळून. त्यात क्षार जवळपास नसतातच.