‘ब्लॉक अवर्स’ला मराठीत काय म्हणता?

मांजराकाठ (लातूर)
वैमानिकांच्या पगारावरचा एक लेख मराठीत आणतेय आणि ‘ब्लॉक अवर्स’पाशी अडलेय. मी सरळ ‘उड्डाण-तास’ लिहिलं होतं. भाचा विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, त्याला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाला, “मावशी, हे चुकलं. विमान उड्डाणासाठी जागचं हललं की ब्लॉक सुरू, पोचून पुरतं थांबलं की बंद. धावपट्टीच्या रांगेत वीस मिनिटं उभे राहिलो तर तीही त्यातच धरतात. तेव्हा आम्ही उडतोय कुठं?”

म्हणजे मोजमापं तीन. हजर झाल्यापासून सुटी होईपर्यंतची ड्यूटी. विमान हलल्यापासून थांबेपर्यंतचा ब्लॉक. आणि चाकांनी जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंतचा हवेतला वेळ. ताशी पैसे बहुतेक ठिकाणी मधल्यावर. धुक्यामुळं गेटवरच दोन तास बसून राहिले तर ड्यूटी भरते, पण ब्लॉक भरत नाही. महिन्याला ठरावीक तासांची हमी असते, त्यामुळं कमी उडाले तरी तेवढे मिळतात. त्यावरच्या तासांचा भत्ता वेगळा. ‘कामाचे तास’ लिहिलं तर लेखाचा मुद्दाच बुडतो, कारण मुद्दा हाच आहे की सगळं काम मोजलं जात नाही.

काळी माती (परभणी)
ताई, विमानवाले ‘चॉक टू चॉक’ही म्हणतात ना? चॉक म्हणजे चाकाखालची अटकण. चिकलठाण्याच्या विमानतळावर खिडकीतून पाहिलंय: खालच्या माणसानं दोरी धरून ठोकळे ओढले, बाजूला झाला आणि वैमानिकाला दिसतील असे हात वर करून खूण केली. आमच्या घरी गाडीबैल होते तेव्हा उतारावर चाकाला दगड लावायचं काम माझं होतं. “अटकण काढ” म्हटलं की गाडी निघाली. ‘अटकण-ते-अटकण वेळ’ लिहा, खेड्यातल्या माणसालाही कळेल.

गोदाकाठ (नांदेड)
अटकण चांगला शब्द आहे, पण नवं घडवण्याआधी एसटीत काय म्हणतात ते बघा. वडील ड्रायव्हर होते. घरात दोन शब्द रोज ऐकले: ‘स्टिअरिंग’ आणि ‘स्प्रेडओव्हर’. स्टिअरिंग म्हणजे गाडी चालवली तेवढे तास, स्प्रेडओव्हर म्हणजे पहाटे डेपोत शिरल्यापासून रात्री सुटेपर्यंतचा सगळा पसारा. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात काम दिवसाला ८ तास आणि पसारा १२ तास, असे दोन्ही वेगळे बांधून दिले होते. थांब्यावर नुसतं हजर राहण्याचा वेळ १५ मिनिटांच्या आत असेल तर तो कामात धरायचा, असंही त्यात होतं. मुंबईचा वैमानिक रात्री दिल्लीत हॉटेलात उतरतो त्याला ‘लेओव्हर’ कशाला म्हणायचं? वडील आठवड्यातून दोनदा मुक्कामी गाडीवर असायचे, उन्हाळ्यात टपावर अंथरूण टाकायचे. ‘मुक्कामी’ तयार शब्द आहे.

बालाघाट (बीड)
माझ्या मते ब्लॉकपेक्षा जो वेळ मोजलाच जात नाही त्याला नाव द्या, आणि ते नाव आहे: खोटी, म्हणजे खोळंबा. आमच्याकडं ऊसतोडीला हिशोब टनावर. फडात कोयता चालला, मोळ्या बांधल्या, गाडी भरली, इथवर ठीक. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत बैलांसकट रात्र काढली तर तिचे कोण देतो? वजनकाट्यावर आकडा येतो तेवढंच मुकादमाच्या वहीत. माझ्या चुलत्यांनी एका कारखान्यावर दीड दिवस काढला. घरी येऊन एवढंच बोलले, “लई खोटी झाली.” वैमानिकाची गेटवर होते तीही खोटीच. अमेरिकेत डेल्टा कंपनीनं २०२२ मध्ये केबिन क्रूला प्रवासी चढतानाच्या वेळेचे निम्म्या दरानं पैसे सुरू केले, ते या खोटीचेच पैसे.

शुद्धलेखन (छत्रपती संभाजीनगर)
इथं अर्धे शब्द इंग्रजी. ड्यूटीला सेवाकाल, ब्लॉकला चलनकाल, हवेतल्याला उड्डाणकाल. अर्थ स्पष्ट आहेत. अनुवादकानं भाषा घडवायची असते.

मांजराकाठ
सर, सेवाकाल म्हटलं की नोकरीची वर्षं आठवतात, चलन म्हटलं की नोटा. वाचक पहिल्याच ओळीत चुकीकडं जाईल.

गोदाकाठ
आणि शुद्ध कुठवर जायचं? ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. निजामी काळात आमच्या आजोबांना ‘मुशाहिरा’ मिळायचा; तो अरबी; ‘शहर’ म्हणजे तिकडं महिना, त्यावरून. दोन्ही शब्दांवर मराठी माणसांनी संसार केले.

शुद्धलेखन
रुळलेला शब्द वेगळा आणि आज उचललेला वेगळा. मी रुळलेले काढा म्हणत नाही. उद्याच्या पोरांना तयार शब्द असताना उसनं का द्यायचं, एवढंच विचारतोय.

काळी माती
खोटी म्हणजे ‘खोटा’ वेळ, म्हणजे न धरलेला, असं असावं का?

बालाघाट
नाही पटत. गुजरातीतही ‘खोटी थवुं’ म्हणजे खोळंबणंच. व्यापारी वाटेनं आला असावा. आमच्याकडं कुणी “वेळ खोटा झाला” म्हणत नाही, “माझी खोटी झाली” म्हणतात. माणसाची होते, वेळेची नाही.

काळी माती
मग ‘तास’ बघा. औताचं एक तास म्हणजे एक सरी. बैल शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले की एक तास. घड्याळाचा तास यातूनच आला असणार, कामाचं माप म्हणून! वैमानिकाचाही हिशोब तसाच आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

शुद्धलेखन
घड्याळाचा तास धातूच्या पात्रावरून, ज्यावर टोले देत. तो फारसीकडून आला. शिवाय तो पुल्लिंगी आणि औताचं नपुंसकलिंगी. दोन वेगळे शब्द आहेत.

काळी माती
आमच्या गावात औताचाही ‘तो तास’ म्हणणारे आहेत. माझी आजी म्हणायची.

मांजराकाठ
निलंग्याकडं मी ‘ते’च ऐकलंय. उद्या संपादकांना लेख द्यायचाय. तूर्त ‘ब्लॉक’ तसाच ठेवून कंसात ‘अटकण काढल्यापासून लावेपर्यंत’ लिहितेय, आणि खोटी नक्की घेतेय.

गोदाकाठ
आमच्याकडं ‘ते’. पण पाळीचं काय? कामाची पाळी आणि वखराची पाळी एकच ना?