हशा महत्त्वाचा की खरं बोलणं? (रिचर्ड प्रायरच्या निमित्ताने)

चिंचेवरचा मुंजा:
सप्टेंबर १९६७, लास व्हेगासचं अलादीन हॉटेल. अमेरिकन स्टँडअप विनोदवीर रिचर्ड प्रायर स्टेजवर आला, समोर गायक-नट डीन मार्टिनसारखी बडी मंडळी. तेव्हा तो विनोदवीर बिल कॉस्बीच्या वळणाचे, कुणाला न टोचणारे विनोद करायचा आणि ते चालायचेही. त्या रात्री मात्र 'मी इथे करतोय तरी काय?' असं माइकवर म्हणून सरळ निघून गेला. पुढे काही काळ कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत काढून परतला तो वेगळाच माणूस. इलिनॉयमधल्या पिओरिया गावात आजीच्या कुंटणखान्यात वाढलेला. तिथली माणसं, तिथली भाषा, स्वतःची व्यसनं, सगळं स्टेजवर आणायला लागला.
माझं म्हणणं, हशे मोजायचं सोडलं की मगच विनोदवीर ऐकण्यासारखा होतो. आपल्याकडे दर वीस सेकंदांना टाळी हवी असते. पटतंय का?

तिखटमीठ:
अजिबात नाही. पाचशे रुपये मोजून मी हसायला जातो, कबुलीजबाब ऐकायला नाही. आणि मुंजाभाऊ, उदाहरणच उलटं दिलंत. १९७९ च्या त्याच्या स्टेज शोच्या फिल्ममधला हार्ट अटॅकचा प्रसंग बघा. स्वतःचं हृदयच गुंडासारखं दम भरतंय, 'श्वास घेऊ नकोस!' हा गयावया करत आधी गुडघ्यावर, मग आडवा. वर हृदय विचारतंय, एवढं डुकराचं मांस चापताना मरण नाही आठवलं का? लोकांची हसून मुरकुंडी वळते. हशा सोडला कुठे त्याने? दामदुप्पट वसूल केला.

सोमवारचा माइक:
दीड वर्ष पुण्यात ओपन माइक (कुणीही येऊन पाच-दहा मिनिटं कॉमेडी करायचं स्टेज) करतोय, म्हणून तोंड घालतो. एकदा बाबांच्या डायलिसिसवर पाच मिनिटं बोललो. सगळं खरं, पंच एकही नाही. पहिल्या रांगेतल्या बाई पर्सची चेन उघडझाप करत होत्या, तेवढाच काय तो आवाज. उतरल्यावर होस्ट म्हणाला, "ब्रेव्ह होतं रे." आमच्यात ब्रेव्ह म्हणजे पडलास.
तीन महिने घासल्यावर एक ओळ लागली. मशीन सुरू करताना बाबा टेक्निशियनला म्हणतात, "आधी झीरो दाखवा." पेट्रोल पंपाची सवय! हे ते खरंच म्हणाले होते. पहिल्या दिवसापासून माझ्याकडेच होतं, मीच दुःखाच्या नादात विसरलो होतो.

तिखटमीठ:
हेच म्हणतोय मी!! (झीरो लय भारी.)

रातराणी:
एवढ्यात जिंकू नका. ऑस्ट्रेलियन विनोदवीर हॅना गॅड्सबींचा २०१८ चा 'नॅनेट' कार्यक्रम पाहिलाय का? सुरुवातीला किस्सा येतो: बसस्टॉपवर एक जण त्यांना पुरुष समजून मारायला धावतो, बाई आहे कळल्यावर माफी मागतो. लोक हसतात. शेवटाकडे कळतं की तो परत आला होता आणि त्याने मारलं होतं. हशा हवा म्हणून गोष्ट माफीपाशी कापली होती. त्यांचं म्हणणं, विनोदाला सुरुवात आणि मध्य पुरतो, गोष्टीला शेवटही लागतो. माइकभाऊ, झीरो मलाही आवडला, पण तोही असाच मध्येच कापलेला आहे ना?

तिखटमीठ:
मग त्याला कॉमेडी म्हणू नका. कीर्तनातही बुवा हसवतात, पण दाराबाहेर पाटी कीर्तनाचीच असते. तिकीट काढतानाच सांगा ना, आज हसवणार नाही म्हणून.

चिंचेवरचा मुंजा:
प्रायरबद्दल माघार घेतो. त्याने हशा सोडला नाही, उसना हशा सोडला. पाटीचं मात्र मान्य नाही. अलादीनला पाटीबरहुकूम सगळं चाललं होतं की, तरी तो निघून गेलाच. आणि गॅड्सबींनी आधी सांगितलं असतं तर तो दुसरा भाग अंगावर आला असता का?

तिखटमीठ:
नसता आला. पण अंगावर घ्यायचं की नाही ते मी ठरवीन ना!

सोमवारचा माइक:
रातराणी, कापलाय असं नाही, शेवट अजून आलेलाच नाही. बाबांचा मंगळवार-शुक्रवार चालू आहे. येत्या सोमवारी झीरोच्या पुढचे चार तास करून बघतो. पर्स घेऊन येऊ नका.