ऑर्केस्ट्रा एकीकडे, गायक दुसरीकडे, आणि वर थेट प्रक्षेपण. ताल जुळतो कसा?

पायपेटी_वाई

परवा यूट्यूबवर १९९२ चा रोमचा 'टोस्का' परत बघितला आणि डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पुच्चिनी या इटालियन संगीतकाराच्या या ऑपेराची (म्हणजे पूर्ण गाऊन केलेल्या नाटकाची) गोष्ट रोममधल्या तीन खऱ्या जागी घडते, तर आंद्रेआ आंदरमान नावाच्या निर्मात्याने ठरवलं की तिथेच करायचं आणि गोष्टीतल्या वेळेलाच करायचं. ११ जुलैला भर दुपारी पहिला अंक सान्तान्द्रेआ देल्ला व्हाल्ले चर्चमध्ये, त्याच रात्री दुसरा फार्नेसे राजवाड्यात (तिथे आता फ्रेंच वकिलात आहे), आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तिसरा कास्तेल सान्तांजेलो किल्ल्याच्या गच्चीवर. सगळं टीव्हीवर लाइव्ह, शंभरहून जास्त देशांत. गायला डोमिंगो, मालफितानो, राइमोंदी. आणि ऑर्केस्ट्राला ताल दाखवणारी काडी आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांच्या हातात.

पण मेहता आणि ऑर्केस्ट्रा तिथे नव्हतेच! ते काही किलोमीटर लांब, राय या तिथल्या सरकारी वाहिनीच्या हॉलमध्ये. गायकांना ते दिसणार मॉनिटरवर. मग लय कुठेच कशी सुटत नाही?

विचारायचं कारण, आमची हौशी मंडळी दर कोजागिरीला घाटावर नाट्यपदं करतात. गेल्या वर्षी फेसबुक लाइव्हसाठी पेटी-तबला मांडवात बसवला आणि गाणारी मावशी पायऱ्यांवर फिरत गाणार असं ठरवलं. प्रत्येक समेला ती मागे. तबलजी तिच्यासाठी थांबायचा की ती आणखी मागे. शेवटी दोघंही रुसले.

मिक्सरवाला

मी गाण्यातला नाही, साउंडवाला आहे, त्यामुळे तेवढंच बोलतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे मांडवातला स्पीकर मावशींपासून ३४ मीटरवर असेल तर त्यांना ठेका सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, त्यातला पाचवा हिस्सा तिथेच गेला. त्या त्यांच्या कानाने बरोबरच गातात हो, पण त्यांचा माइक तो आवाज तारेने लगेच मांडवात पोचवतो आणि तबलजीला त्या मागे पडलेल्या वाटतात. तो बिचारा थांबला की पुढचा ठेका आणखी उशिरा, आणि मग तुम्ही सांगितलंत ते रामायण.

उपाय एकच, गाणाऱ्याला वाद्यं हवेतून ऐकू द्यायची नाहीत, कानात द्यायची. विजेच्या तारेला आणि रेडिओ लहरीला काही किलोमीटर म्हणजे काहीच नाही. मेहता दाखवणार, वादक त्यांच्या हातावर वाजवणार, ते गायकाच्या कानात, गायकाचा आवाज परत मेहतांकडे, हे चक्र इतकं पटकन फिरतं की सगळे एका खोलीत असल्यासारखं. रोममध्ये एक गोष्ट पथ्यावर पडली, ती म्हणजे १९९२! तेव्हाचं चित्र अ‍ॅनालॉग, त्याला उशीर जवळपास नाहीच. आज डिजिटल कॅमेरा, मग स्विचर (कॅमेरे बदलणारं यंत्र), मग एलसीडी पडदा, प्रत्येक जण एखादी फ्रेम खातो आणि एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. तीन फ्रेम गेल्या की काडी खाली आलेली गायकाला दिसते तोवर वाद्यं पुढे गेलेली असतात. आणि सॅटेलाइटने घरी पाव सेकंद उशिरा पोचलं तर काय बिघडतं, घरच्याला काय कळतंय.

एक विचारू? मावशींच्या कानात काही होतं का?

झुरिकचा_पाहुणा

रोमचं कौतुक आहेच, पण चर्च, राजवाडा, किल्ला, यांना दार लावता येतं. स्टेशनला दार कुठाय? मी २००८ मध्ये प्रोजेक्टवर झुरिकला होतो. ३० सप्टेंबर, मंगळवार, संध्याकाळी मुख्य स्टेशनात स्विस टीव्हीने 'ला त्राव्हियाता' हा अख्खा ऑपेरा लाइव्ह केला. गायला एव्हा मेई आणि व्हित्तोरिओ ग्रिगोलो. गाड्या चालू, घोषणा चालू, लोक बॅगा ओढत चाललेत. मी ऐकायला म्हणून थांबलो आणि गर्दीत फक्त माणसांच्या पाठी दिसल्या, नंतर रेकॉर्डिंग बघितलं तेव्हा कळलं की आपण काय बघितलं. पुढच्या वर्षी यांनीच बर्नमध्ये 'ला बोएम' हा ऑपेरा केला, गेबेलबाख वसाहतीच्या उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये आणि शेजारच्या मॉलमध्ये! गरीब कलाकारांची गोष्ट, पोटमाळ्याऐवजी वसाहतीत. मला तो स्टेशनपेक्षा जास्त पटला.

खडूस_श्रोता

माझं मत कुणालाच आवडणार नाही. ऑपेराचा गायक विनामाइक दोन हजार लोकांच्या हॉलमध्ये ऑर्केस्ट्रावरून ऐकू जातो, तीच तर विद्या आहे. त्याच्या केसात माइक खोचला की ती गेली, मग कोण मोठं कोण बारीक हे मेहता नाही, मिक्सरवाला ठरवतो (तुम्ही नाही हो). आणि कान बंद केला की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, सुराचा अंदाज चुकतो. मग प्लेबॅक काय वाईट?

तरी 'टोस्का'च्या तिसऱ्या अंकाची सुरुवात मी दहा वेळा बघितली असेल. पहाट, लांबून गुराख्याच्या पोराचं गाणं आणि मग एकामागून एक चर्चच्या घंटा. पुच्चिनी स्वतः त्या किल्ल्यावर पहाटेच्या घंटा ऐकायला गेला होता आणि सेंट पीटर चर्चच्या मोठ्या घंटेचा सूर त्याने विचारून घेतला. ते त्याच गच्चीवर त्याच वेळी ऐकताना काटा येतो. पण हे श्रेय पुच्चिनीचं, टीव्हीचं नाही.

मिक्सरवाला

@खडूस, शिव्या पोचल्या. कान घुमतो हे खरंय, म्हणून एकाच कानात घालायचं, दुसरा मोकळा ठेवायचा. प्लेबॅकचं म्हणाल तर तिथे श्वास चुकत नाही, आणि तेच कंटाळवाणं.

पायपेटी_वाई

@मिक्सरवाला, होतं. मावशींच्या भाच्याने ब्लूटूथचे इअरबड घालून दिले होते, ठेका नीट ऐकू यावा म्हणून 🤦

मिक्सरवाला

हात जोडले! साध्या ब्लूटूथला दीड-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात, म्हणजे मावशींना तुम्ही स्वतःच साठ मीटर लांब उभं केलंत. अ‍ॅनालॉग रेडिओवालं इन-इअर (कानात घालायचं, कमरेला त्याचा रिसीव्हर) भाड्याने घ्या, त्याला उशीर नसतो म्हटलं तरी चालेल. आणि तबलजी मावशींना दिसेल असा बसवा, म्हणजे पडदा-बिडदा काही लागणार नाही.

पायपेटी_वाई

घेतो. पण त्याचा तो कमरेचा डबा नऊवारीत ठेवायचा कुठे? आणि मावशींची चूक नव्हती हे तबलजीला कोण सांगणार, तो अजून बोलत नाहीये.

मिक्सरवाला

डबा मागे कासोट्याच्या वर, पट्ट्याने घट्ट बांधून, वर शेला. तबलजीचं तुम्ही बघा.