शेअरपॉइंट ऑन-प्रेमिस टेस्टिंग: अर्जंट मदत हवी आहे

पंचवटीकर: मंडळी, सातपूरच्या एका क्लायंटसाठी शेअरपॉइंटचा (मायक्रोसॉफ्टचं ऑफिसातल्या साइट-फाइलींचं सॉफ्टवेअर) वेब पार्ट (पानावर बसवायचा तुकडा) बनवलाय, आमच्याकडे मस्त चालतो पण त्यांच्या सर्व्हरवर पॅकेज घेतच नाही. सर्व्हर त्यांच्याच ऑफिसात (ऑन-प्रेमिस) आहे, जुना आहे. सोमवारी यूएटी, म्हणजे क्लायंटची स्वीकृती टेस्ट. असल्या जुन्या व्हर्जनसाठी टेस्ट कसं करतात, पटकन सांगा.

कोरा_कागद: "घेत नाही" म्हणजे काय? एरर काय? जुना म्हणजे 2013, 2016 की 2019? आणि "आमच्याकडे" म्हणजे कुठे, शेअरपॉइंट ऑनलाइनवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर) का?

पंचवटीकर: हो ऑनलाइनच, अजून कुठे असणार. त्यांचा आयटीवाला म्हणतो व्हर्जन 16 आहे. एरर मोठी लाल येते.

टेस्टिंगवाली: सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून टेस्ट करायचं टूल) शिकून घे, सगळी यूएटी स्क्रिप्टवर टाकायची, एकदा लिहिलं की डोक्याला ताप नाही. माझ्याकडे फ्रेमवर्क आहे, हवं तर देते.

कोरा_कागद: ताई, पॅकेजच चढत नाहीये, स्क्रिप्ट कशावर चालवणार 😀 पंचवटीकर, 16 वरून काही कळत नाही. 2016, 2019 आणि सब्स्क्रिप्शन एडिशन, तिघांचाही बिल्ड 16.0 नेच सुरू होतो. त्यापुढचा मोठा आकडा बघ. 4-5 हजारांत असेल तर 2016, 10 हजारांत असेल तर 2019, 14 हजार किंवा पुढे असेल तर सब्स्क्रिप्शन. अ‍ॅडमिनचे हक्क नसले तरी चालेल, एफ-12 दाबून नेटवर्कमधे पानाचे रिस्पॉन्स हेडर उघड, शेअरपॉइंट टीम सर्व्हिसेस नावाच्या हेडरात असतो.

गोदाकाठ: अजून 2016-2019 वर बसलेत लोक? दोन्हीच्या सपोर्टची शेवटची तारीख 14 जुलै 2026. आणि 2025 च्या जुलैत टूलशेल हल्ल्याने ऑन-प्रेमिसवाल्यांची काय झोप उडवली होती विसरलात का? क्लायंटला सांग सरळ क्लाउडवर चल.

सिडकोचा_बाप्या: गोदाकाठ, हे प्रत्येक धाग्यावर लिहिता तुम्ही. पोराची यूएटी सोमवारी आहे, क्लायंटचं बजेट तुम्ही देणार का?

पंचवटीकर: 5 हजारवालाच आहे. एररमधे लिहिलंय की स्किप फीचर डिप्लॉयमेंट अ‍ॅट्रिब्यूट डिक्लेअर नाही.

सिडकोचा_बाप्या: एवढंच ना, सोल्यूशनच्या जेसनमधून ती ओळ काढ, पॅकेज परत बनव, टाक. झालं काम.

कोरा_कागद: चढेल, पण चालेलच असं नाही. 2016 वर एसपीएफएक्सची (वेब पार्ट बनवायचं फ्रेमवर्क) फक्त 1.1.0 चालते, तीही फीचर पॅक 2 (सर्व्हरचं अपडेट) असेल तरच, म्हणून आधी त्यांनी तो टाकलाय का ते विचार. क्लायंट साइड अ‍ॅसेट्स पॅकेजमधे घालायची सोय पण 1.4 पासूनची, त्यामुळे जेएस फाइली त्यांच्याच एखाद्या लायब्ररीत ठेवून पाथ द्यावा लागेल. पॅकेज बनवायला नोड 6 घे, नव्या नोडवर जुना गल्प (बिल्ड टूल) प्रायमॉर्डियल्सची एरर देऊन बोंबलतो. एनव्हीएम (नोडची व्हर्जन बदलायचं टूल) टाकलंस की दोन्ही नोड एका मशीनवर नांदतील. आणि टेस्ट क्लासिक (जुन्या पद्धतीच्या) पानावरच कर, 2016 मधे मॉडर्न साइट पेजेस नाहीतच.

पंचवटीकर: अहो पण सगळा कोड रिअ‍ॅक्टच्या हुक्समधे (नवी पद्धत) लिहिलाय!!

कोरा_कागद: हुक्स रिअ‍ॅक्ट 16.8 ला आले, तिथे मिळणार 15. क्लास कंपोनंटमधे बदलावं लागेल, शनिवार-रविवार गेला समज.

टेस्टिंगवाली: म्हणूनच म्हणत होते, टेस्ट एन्व्हायर्नमेंट क्लायंटसारखीच हवी.

गोदाकाठ: हे तुम्ही म्हणालाच नव्हता, तुम्ही सेलेनियम म्हणाला होता.

पंचवटीकर: भांडू नका ना. ते स्टेजिंग (टेस्टचा वेगळा सर्व्हर) देत नाहीत, डायरेक्ट प्रॉडक्शनवर (चालू सर्व्हरवर) टाका म्हणतात. माझ्या लॅपटॉपवर व्हीएममधे (व्हर्च्युअल मशीन) 2016 बसेल का? 8 जीबी रॅम आहे.

कोरा_कागद: नाही. नुसतं डेव्हलपमेंटला सिंगल सर्व्हर म्हटलं तरी 16 जीबी, शिवाय एसक्यूएल (डेटाबेस) आणि यूजर खात्यांसाठी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी लागते. लायसन्सची चिंता नको, 180 दिवसांची ट्रायल असते. आणि प्रॉडक्शनवर टाकायला स्पष्ट नाही म्हण, मेलवर, लेखी.

सिडकोचा_बाप्या: सोमवारी सातपूरला जाणार असशील तर लवकर निघ बरं, त्र्यंबक रोडचं सांगता येत नाही.

पाथर्डी_फाटा: धागा वाचला नाही पूर्ण, पण माझ्याकडे जुना डेस्कटॉप आहे, 32 जीबी रॅम, विकायचाच आहे.

पंचवटीकर: किती? आणि उद्या मिळेल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.