मदत हवी आहे: खरं हवामान लावलं की घाटात पाऊस गायब होतो (फ्लाइटगियर)

कारकून_कॅप्टन
नमस्कार मंडळी. जुन्या लॅपटॉपवर फ्लाइटगियर हा विमान उडवायचा सिम्युलेटर टाकलाय. सेसना १७२ घेऊन मुंबई-पुणे तीसेक वेळा झालं असेल, पण कायम निरभ्र आकाशात. परवा हिंमत करून हवामानात 'लाइव्ह डेटा' निवडलं, म्हणजे विमानतळांचे खरे मेटार, म्हणजे हवामानाचे रिपोर्ट, आपोआप येतात. तेव्हापासून सगळं बिनसलंय.

सांताक्रूझचा रिपोर्ट होता:
व्हीएबीबी १२०६३०झेड २५०१४केटी २५०० आरए एससीटी०१० ओव्हीसी०८० २७/२६ क्यू१००३

विमान धावपट्टीवर उभं, अजून हललंही नाही, आणि अल्टिमीटर (उंची दाखवणारा काटा) ३२० फूट दाखवतोय! तिथली धावपट्टी समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० फूट. क्यूएनएच, म्हणजे रिपोर्टमधला हवेचा दाब (शेवटचा क्यू१००३), लावायला गेलो तर काट्याच्या छोट्या खिडकीत आकडे २९, ३० असले.

तसाच उडालो. कर्जतपर्यंत झोडपून पाऊस. घाट लागला आणि नळ बंद केल्यासारखा थांबला. जुलैत! लोणावळ्याला भुट्टा खायला गेलेलं शेंबडं पोरही सांगेल की पाऊस तिथे सुरू होतो, संपत नाही.

पुढे पुण्याच्या रिपोर्टमध्ये बीकेएन०२०. म्हणजे ढग २००० फुटांवर, मी ४००० वर, तर ढग खाली दिसायला हवेत ना? प्रत्यक्षात मी थेट ढगात.

शिवाय दुपारी बाराला साडेसहाचा रिपोर्ट का मिळतो? शिळा आहे का?

घाटवाट
शेवटून सुरू करतो. शिळा नाही. 'झेड' म्हणजे जागतिक वेळ, त्यात साडेपाच तास मिळवा. बारा तारखेचे दुपारचे बाराच.

पुण्याच्या ढगांत आम्ही सगळेच एकदा शिरलोय. मेटारमधली ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते, तुमचा अल्टिमीटर समुद्रसपाटीपासून. पुण्याचा लोहगाव विमानतळ १९४२ फुटांवर. त्यात २००० मिळवा, झाले ३९४२. तुम्ही ४०००. बरोब्बर ढगाच्या पोटात. मुंबईला जमीनच खाली असल्यामुळे हा फरक जाणवत नाही, म्हणून सवय लागत नाही.

दोन_नॉट्स
अल्टिमीटर: ती सेसना अमेरिकन आहे हो, खिडकीत दाब पाऱ्याच्या इंचांत असतो. आपल्याकडचे रिपोर्ट हेक्टोपास्कलमध्ये. १००३ ला ०.०२९५३ ने गुणा, २९.६२ येईल, तेवढं लावा. मूळ सेटिंग २९.९२, म्हणजे १०१३. दहा हेक्टोपास्कलचा फरक, एकाला साधारण २७-२८ फूट, म्हणून तुमचे पावणेतीनशेच्या वर फूट फुकटचे. पावसाळ्यात इकडे दाब कमीच असतो, त्यामुळे न लावता उडालात तर खरे त्याहून खालीच असता. घाटात हे बरं नाही.

कारकून_कॅप्टन
दोघांचेही आभार. अमेरिकन काटा आणि भारतीय पाऊस, कळलं. पण घाटातल्या पावसाचं काय?

घाटवाट
तो दोष सिम्युलेटरचा म्हणा किंवा मेटारचा म्हणा. मेटार हे विमानतळावरचं निरीक्षण, त्या ठिकाणापुरतं. फ्लाइटगियर तुमच्या सर्वांत जवळच्या स्टेशनचा रिपोर्ट उचलतं. निम्म्या वाटेपर्यंत मुंबई, मग पुणे. आणि निम्मी वाट म्हणजे जवळपास राजमाचीच! समुद्रावरचं दमट वारं ज्या भिंतीला धडकून वर चढतं, थंड होतं आणि रितं होतं, नेमकी तिथेच तुमची अदलाबदल होते. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, लोणावळ्यात ४००० च्या वर. मधल्या खंडाळ्याला विमानतळ नाही, तर त्याचा मेटार कोण देणार?

एकविमानी
मायक्रोसॉफ्टचा २०२० घ्या. त्यात मेटिओब्लूच्या मॉडेलचं हवामान आहे, दोन विमानतळांमधल्या जागेतही पाऊस पडतो.

कारकून_कॅप्टन
दादा, माझा लॅपटॉप फ्लाइटगियर चालू केलं तरी केस वाळवता येतील एवढी गरम हवा सोडतो.

दोन_नॉट्स
मग हातानेच करा. कर्जतच्या पुढे गेलात की पॉज, हवामानाच्या खिडकीत 'मॅन्युअल इनपुट', आणि मुंबईच्याच रिपोर्टमध्ये २५०० चं (किती मीटरपर्यंत दिसतं तो आकडा) १५०० करा, आरएच्या (पावसाच्या) आधी अधिकचं चिन्ह टाका, म्हणजे जोराचा पाऊस. वडगाव आलं की परत लाइव्ह डेटा. अंदाजासाठी हवामान खात्याचं उपग्रहचित्र शेजारी उघडून ठेवा. मी असंच करतो. बायको म्हणते, पाऊस पडावा म्हणून टायपिंग करणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

कारकून_कॅप्टन
काल रात्री केलं. २९.६२ लावल्यावर काटा चाळिसाच्या आसपास आला, फार बरं वाटलं. कर्जतला पॉज करून १५०० आणि जोराचा पाऊस टाकला. पुढे पंख्याचं पातंसुद्धा धड दिसेना. राजमाची शोधत दोन गिरक्या मारल्या, नाही सापडली, गुपचूप सांताक्रूझला परत आलो.

घाटवाट
जुलैत राजमाचीवर उभं राहिलं तरी राजमाची दिसत नाही. हवामान बरोबर लागलंय.