मोजून खाऊ घातले तरी लॅब्रॅडॉर भुकेलीच कशी राहते?

प्रश्न (कोथरूडकर):
आमच्या लॅब्रॅडॉर कुत्रीला डॉक्टरांनी ठरवून दिलेले खाणे दोन्ही वेळा मोजून घालतो, तरी भांडे चाटूनपुसून झाले की ती ओट्यापाशी येऊन पोळ्यांच्या डब्याकडे टक लावून बसते. जंत, थायरॉइड, सगळे तपासून झाले. पोट भरल्याचे प्राण्याला नेमके कोण सांगते?

उत्तर (शरीरक्रियाशास्त्र शिकवणारी):
सांगतो मेंदू. जठर रिकामे असताना त्यातून घ्रेलिन हे संप्रेरक स्रवते, तर चरबीच्या पेशींतून लेप्टिन हे दुसरे संप्रेरक स्रवत असते. दोन्ही रक्तावाटे मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागापर्यंत जातात. तेथील चेतापेशींचा एक गट न्यूरोपेप्टाइड वाय सोडून भूक चेतवतो, तर शेजारचा गट पीओएमसी हे प्रथिन तयार करतो, ज्याच्या तुकड्यांपासून भूक आवरणारी मेलानोकॉर्टिन संप्रेरके बनतात. घ्रेलिन पहिल्या गटाला उठवते. लेप्टिन त्याला दाबून दुसऱ्याला जागे करते.

आता तुमच्या कुत्रीविषयी. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले, की ब्रिटनमधील सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसीच्या जनुकातून डीएनएची १४ अक्षरे गळालेली असतात, त्यामुळे पीओएमसीपासून होणारे बीटा-एमएसएच (एक मेलानोकॉर्टिन) आणि बीटा-एंडॉर्फिन नीट बनत नाहीत. उंदरांत बीटा-एमएसएच मुळात तयारच होत नसल्याने हे कोडे उंदरांवर सुटण्यासारखे नव्हते. माणसात मात्र ते असते, म्हणून या कुत्र्यांकडे एवढे लक्ष गेले. तुमच्या कुत्रीत हाच दोष आहे की नाही, हे जनुकीय चाचणीशिवाय सांगता येणार नाही.

प्रतिप्रश्न (औंधमधून):
मग लेप्टिनचे इंजेक्शन देऊन भागणार नाही का?

उत्तर (तीच):
ज्याच्या अंगात लेप्टिन बनतच नाही, त्यालाच त्याचा खरा गुण येतो. १९९४ मध्ये अमेरिकन संशोधक जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ज्या लठ्ठ उंदरांत लेप्टिनचे जनुक शोधले, ते उंदीर तसेच होते. एरवी लठ्ठ प्राण्याच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असते, पण मेंदू त्याला दाद देत नाही. लॅब्रॅडॉरमधल्या या दोषात तर बिघाड लेप्टिनच्या पुढच्या टप्प्यावर, पीओएमसीत आहे.

उत्तर (प्राण्यांचे डॉक्टर, हडपसर):
एक भर घालतो. २०२४ च्या अभ्यासात असे दिसले, की हा दोष असलेल्या कुत्र्यांना दोन जेवणांच्या मध्ये अधिक भूक लागते आणि विश्रांतीत त्यांची ऊर्जाही सुमारे पाव हिश्शाने कमी खर्च होते. म्हणून तेवढेच खाणे तीन-चार वेळांत विभागून द्या, मध्ये काकडी किंवा गाजर चालेल, आणि तिच्या नजरेवर न जाता दर महिन्याला वजन पाहा. नसबंदी झाली असल्यास भूक त्यानेही वाढते, हे तुमच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.