गार्थ हडसन ‘नुसता साथीदार’?

बेसुरा_नाना:
द बँड या रॉक गटाचा ऑर्गनवाला गार्थ हडसन, त्याच्यावरची कालची एक पोस्ट वाचून डोकं उठलंय. मजकूर असा: ‘द बँडची गाणी त्यांचा गिटारवाला रॉबी रॉबर्टसन याची. गार्थ हडसन चांगला साथीदार होता, बस. जानेवारी २०२५ मध्ये गेला म्हणून लगेच देव्हाऱ्यात बसवू नका.’

देव्हारा राहू द्या हो, आधी नीट ऐका तरी. ‘अप ऑन क्रिपल क्रीक’मध्ये ते बेडकासारखं डरांव डरांव वाजतं ना? निम्म्या लोकांना मोरचंग वाटतं. क्लॅव्हिनेट आहे तो, म्हणजे विजेवरचा कीबोर्ड, आवाज वाकवणाऱ्या वाह-वाह पेडलमधून काढलेला. १९६९ ची गोष्ट. जग हॅमंड ऑर्गनच्या मागे आणि हा लोअरी ऑर्गन घेऊन बसलेला. ‘चेस्ट फीव्हर’ची सुरुवात बाखच्या टोकाटाने, म्हणजे ऑर्गनवरच्या जुन्या पाश्चात्य शास्त्रीय रचनेने करतो, मग मैफलीत सात-सात मिनिटं एकटाच भटकून येतो आणि बाकीचे चौघे थांबून राहतात. ‘इट मेक्स नो डिफरन्स’मधला सॅक्सोफोन त्याचाच. अकॉर्डियनही. शिवाय १९६७ साली बिग पिंक या द बँडच्या घराच्या तळघरात बॉब डिलन गात असताना टेप सांभाळणारा कोण? हाच. बंगालचे लोकगायक पूर्णदास आणि लक्ष्मणदास बाऊल तिथे आले, त्यांचं गाणंही ह्यानेच टेपवर घेतलं. साथीदार म्हणे!

तंबोरा_तुटका:
पोस्ट माझीच. आवाज झकास, कोण नाही म्हणतंय? पण आवाज म्हणजे गाणं नव्हे. द बँडच्या दुसऱ्या अल्बमची १२ गाणी घ्या. रॉबर्टसनचं नाव बाराही गाण्यांवर, त्याच्या जोडीला गटातलेच मॅन्युएल तीनवर, हेल्म एकावर. हडसन? शून्य. शब्द आणि चाल ज्याची, गाणं त्याचं. बाकी सजावट. मखराला गणपती म्हणत नाहीत.

सुपारीबहाद्दर:
२२ वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोय, तेव्हा मखरवाल्याचंही ऐका. एका गायकाने फोनवर चाल गुणगुणून दाखवली आणि म्हणाला, पुढे काहीतरी पीस टाक. रात्रभर बसून आठ बारचा इंट्रो काढला. पाकीट मिळालं दीड हजाराचं. आज हळदीत तो इंट्रो वाजला की पब्लिक खुर्च्या सरकवून उठतं, मुखड्याला कोणी विचारत नाही. कव्हरवर माझं नाव शोधून दाखवा, जेवण माझ्याकडून.

मडगावची:
हे आमच्या गोंयकारांना सांगायला नको! हिंदी सिनेमाच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट. वादकांसमोर स्टाफ नोटेशनचे, म्हणजे पाश्चात्य स्वरलिपीचे कागद ठेवणारे हे लोक आणि पोस्टरवर ठळक नाव संगीतकाराचं.

तंबोरा_तुटका:
झालं! कॅनडातला ऑर्गन निघाला आणि मांडवीला लागला. सेबास्टियन ज्यांच्याकडे होता त्या शंकर-जयकिशनना चाली सुचत नव्हत्या असं म्हणायचंय का?

मडगावची:
असं कुठे लिहिलंय मी? चाली त्यांच्याच. पण ते व्हायोलिनचे ताफे आपोआप वाजायचे का? ऑब्लिगाटो, म्हणजे गाण्यामागून चालणारी वाद्याची वेगळी सुरावट, कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?

तंबोरा_तुटका:
बाई, घरात तीन पिढ्यांची पेटी आहे. आम्हाला शिकवू नका. आजोबांनी भल्याभल्या गवयांना साथ केली, एकदाही म्हणाले नाहीत की ख्याल माझा.

सुपारीबहाद्दर:
म्हणाले नाहीत की कोणी म्हणू दिलं नाही?

तंबोरा_तुटका:
आजोबांपर्यंत जाऊ नका. सांगून ठेवतो.

बेसुरा_नाना:
आजोबांना तुम्हीच आणलंत. असो. मॅथ्यू फिशर ऐकलाय? प्रोकोल हॅरम या इंग्लिश रॉक गटाच्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’मधला ऑर्गन त्याचा. गाणं १९६७ चं, नावं दुसऱ्यांची. २००६ साली लंडनच्या कोर्टाने त्याला सहलेखक मानून ४० टक्के वाटा दिला. अपिलात सहलेखक राहिला पण पैसे गेले, आणि २००९ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तेही परत दिले. मागच्या जवळपास चार दशकांची थकबाकी मात्र नाही. मखराला ४० टक्के, तंबोरासाहेब!

तंबोरा_तुटका:
फिशरचा ऑर्गन काढला तर ते गाणं ओळखू येणार नाही, हे मान्य. ‘चेस्ट फीव्हर’पुरतं हडसनचंही धरा, घ्या, खूश? पण मग हडसन कोर्टात का नाही गेला? हेल्मने निदान आत्मचरित्रात रॉबर्टसनला धू धू धुतला.

बेसुरा_नाना:
कारण माणूसच तसा. काकाच्या अंत्यविधीगृहात ऑर्गन वाजवलेला. हॉक्समध्ये, म्हणजे पुढे द बँड झालेल्या गटात आला तेव्हा रॉक वाजवतो म्हटलं तर घरी पटलं नसतं, म्हणून अट घातली: लोअरी घेऊन द्या आणि प्रत्येकाने संगीताच्या शिकवणीचे आठवड्याला १० डॉलर द्या. म्हणजे घरी सांगायला ‘शिकवायला जातो’.

सुपारीबहाद्दर:
म्हणजे शिकवणीचे पैसे मिळाले, गाण्यांचे नाहीत. हे तर माझंच चरित्र झालं की.

तंबोरा_तुटका:
१० डॉलर तेव्हा कमी नव्हते.

मडगावची:
१० डॉलर राहू देत. सेबास्टियन डिसोझांबद्दल तुमचं उत्तर अजून आलेलं नाही.